माळावर बस वळली

७ जुलै, सोमवार
आमचा केमिस्ट्री विभाग गेला एकदाचा विद्यापीठाच्या नव्या संकुलात. इमारत झकास. पण उघड्या माळावर! सिटी बस हायवेच्या फाट्यावर सोडते, पुढं चढ चालत. वाऱ्यानं छत्री उलटी झाली.

९ जुलै
चिखलाचे पाय घेऊन प्रॅक्टिकलला. सरांनी पायांकडं नुसतं बघितलं.

११ जुलै
स्नेहल आली नाही. फोन केला तर रडली. परवा अंधार पडताना ती फाट्याकडं उतरत होती, दोन मोटरसायकली मागं लागल्या. घरच्यांनी कॉलेज बंद केलं.
आप्पांच्या कानावर गेलं तर माझंही एम.एस्सी. संपलं. फक्त पवित्रावहिनीला सांगितलं. दादाची बायको. माझ्याहून लहान आहे. बारावी सायन्स झाली आणि लगेच आमच्या घरात आली.

१४ जुलै
आम्ही मुली कुलसचिवांकडं गेलो. त्यांनी सिटी बसच्या विजयसिंह साहेबांना बोलावून घेतलं. साहेब सरळ माणूस. म्हणाले, गाडी वर चढेल, पण वळणार कुठं? नकाशात गेटसमोर बाग आणि मोटारींचं पार्किंग. कुलसचिव म्हणाले, दुसऱ्या टप्प्यात बघू.
तोवर आम्ही घरी!
मी बोलून गेले, "साहेब, बागेची जागा अजून मोकळीच हाय. तिथं गाडी वळवून दावली तर?"
ते हसले. "दावा की."
घरी येऊन वहिनीला सांगितलं. तिनं कणकेच्या हातानंच राजशेखरमामांना फोन लावला – तिचे मामा, लग्नाच्या वऱ्हाडाला मोठी बस देतात.

१७ जुलै
वळली! वळली!
मामा गाडी घेऊन आले, वहिनी पुढच्या सीटवर. सगळा विभाग व्हरांड्यात उभा. भिजलेल्या मुरमात मागचं चाक रुतलं – जागच्या जागी फिरायला लागलं. कुणीतरी हसलं.
वहिनी खाली उतरली. पदर खोचला, बांधकामाच्या ढिगातली खडी घमेल्यात भरली आणि चाकाखाली ओतायला लागली. मग आम्ही सगळ्याजणी! मामांनी गाडी मागं घेतली, पुढं घेतली, आणि पूर्ण गोल काढून तोंड गेटकडं.
साहेब चाकांच्या खुणांवरनं चालत एक फेरी मारून आले. कुलसचिवांना म्हणाले, "इथं डांबर टाकून द्या. गाडी मी देतो."
निघताना वहिनी सापडेना. प्रयोगशाळेच्या दारात उभी होती.

२ ऑगस्ट
डांबर पडलं. बाग कडेला सरकली.

४ ऑगस्ट, सोमवार
पहिली बस! हार, नारळ, ड्रायव्हरला पेढा. स्नेहल परत आली. फाटा मागं पडला तशी सगळी गाडी ओरडली. आप्पा स्टॉपपर्यंत सोडायला आले होते – त्यांच्या मानानं खूप झालं.

६ ऑगस्ट
वहिनी आज बसमध्ये शेजारी येऊन बसली. वाटलं, लक्ष्मीपुरीत बाजाराला. लक्ष्मीपुरी गेली, फाटा गेला, उठेना. वर उतरून सरळ प्रवेशाच्या खिडकीकडं चालायला लागली. म्हणाली, "इथं बी.एस्सी. सुरू झालंय न्हवं? नाव घालायला आलोय."
घरात विचारलंस का, म्हटलं.
"स्टॉपवरनं ह्यांना फोन केला. सांगितलंय. विचारलं न्हाय."