फळीवरची निरगुडी

मंगळवार, संध्याकाळ. बोरगाव

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

रविवारी अण्णा बेळगावहून आला, आईच्या गुडघ्यासाठी तेलाची बाटली घेऊन. बाटलीवर निरगुडीच्या पानांचं हिरवंगार चित्र. आपल्या बांधावरची निरगुडी ट्रॅक्टरला आडवी येते म्हणून ह्यानंच जेसीबी लावून उपटली, आणि आता तिचं चित्र घेऊन आला. त्याला काही वाटलं असेल का? नसेलच.

आई मात्र खुलली. बाटली पदरानं पुसून देवाच्या फळीवर ठेवली. येईल त्याला ते चित्र दाखवते, "माझ्या लेकानं आणलंय."

आणि मी? शाळा सुटली की पोरं घरी जातात, बाई ओढ्याकडं. दुसऱ्याच्या बांधावरचा पाला ओरबाडायचा, तव्यावर एरंडेल सोडून गरम करायचा, गुडघ्यावर ठेवून वरून जुन्या लुगड्याची पट्टी बांधायची. रोज बोटं भाजतात. "लई गरम हाय गं," एवढंच आईचं बोलणं.

आज ती आपल्या पायानं तुळशीपर्यंत गेली. बरं वाटलं मला, खोटं कशाला लिहू?

तेवढ्यात अण्णाचा फोन आला. पट्टी बांधलेला पाय लांब करून आई त्याला म्हणाली, "लई गुण आला रं तुझ्या तेलाचा."

मी फळीकडं बघितलं. बाटलीचं सील अजून तसंच आहे.