रागाच्या वेळचं गीत

माय, तू सैतानाला घाबरत नव्हतीस, पण त्याला हलक्यातही घेत नव्हतीस. एका रविवारी पाळकसाहेबांनी देवाच्या शस्त्रसामग्रीवर उपदेश केला. ढाल, तलवार, टोप, सगळं समजावून सांगितलं. घरी येऊन तू चुलीपुढे बसलीस आणि म्हणालीस, "आपल्याजवळ तर उलथनंच हाय. अन् तो येतो माझ्या जिभेवर. तिथं उलथनं काय करील?" म्हणून तू गीत धरलंस. तोंडात वाईट शब्द आला की जोरात गायचीस. राग जितका मोठा, तितका सूर वर. शेजारची मावशी कौतुकानं म्हणायची, "किती भक्ती हाय बाईची!" आणि आम्ही दोघं भावंडं मुकाट्यानं अंगणात पळायचो, कारण आत काय पेटलंय ते आम्हालाच ठाऊक.

तू गेल्यावर तुझ्या मसाला वाटायच्या पाट्यावरून माझं आणि धाकट्याचं वाजलं. भावजय पाटा तिच्या घरी, कनेरगाव नाक्याला घेऊन गेली, शब्दानं शब्द वाढला, आणि त्यानं वसमतला माझ्याकडे येणंच सोडलं. काल ईस्टरला मात्र दोघं आली. मला एवढंच हवं होतं की भावानं जेवावं, राहावं, हसत जावं. एक वाकडा शब्द निघाला असता तर तो पुन्हा उंबरा चढला नसता. आणि नेमकी भावजय मटणाच्या रश्श्यात पळी घालून म्हणते, "ताई, पाणचट झाला की हो. सासूबाईचाबी असाच व्हायचा."

उत्तर जिभेवर आलं, पुरतं नटूनथटून. सैतान अशा कामात भलता हुशार. मी डोळे मिटले आणि तुझं गीत सुरू केलं, तुझ्याच पट्टीत. मांडणीवरची भांडी दणाणली. दुसऱ्या ओळीला भावजयीचा आवाज आला, माझ्याहून वर. मी थांबले, तशी ती हसायला लागली.

"ह्यांनी सांगितलंय मला, हे गीत कवा गातेत ते. राग काय तुमालाच येतो का, ताई? मीबी तिकडं इतके दिस हेच गाऊन राहिले."

दारात भाऊ पोट धरून हसत होता. तोच पाणचट रस्सा त्यानं दोनदा वाढून घेतला आणि मुक्काम केला. मला इतका आनंद झाला, माय, की रडूच आलं.

पण खरं सांगू? ते उत्तर फार झकास होतं. "पाटा तू उचलून नेलास, मग माझा रस्सा दाट कुठून होणार?" कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तुला लिहिलं. आता ती दोघं उठायच्या आत हा कागद चुलीत घालते.