फुलांचं मी बघतो

२ डिसेंबर
लेकीच्या लग्नाला बारा दिवस. सगळ्यांना कामं वाटून झाली, मला काहीच नाही. शेवटी 'फुलांचं मी बघतो' असं आपण होऊनच जाहीर केलं. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. आदराने असावं.

३ डिसेंबर, सकाळ
लेकीने समोर बसवून सांगितलं. कमानीवर, टेबलांवर आर्टिफिशियल चालतील, तिथे कोण हात लावून बघतंय! मग म्हणाली, "पण बाबा, माझ्या हातातली फुलं खरी हवीत. तेवढं एकच सांभाळा." काळजीत दिसली. उगीचच. एकतीस वर्षं कंपनीच्या स्टोअरमध्ये माल तपासलाय. खरं-खोटं मला दहा फुटांवरून कळतं.
संकल्प : रोज एक तास फुलांचा अभ्यास.

५ डिसेंबर
अभ्यास राहिला. चष्मा सापडत नव्हता. डोक्यावर होता, पण ते संध्याकाळी कळलं.

६ डिसेंबर
फुलवालीच्या दुकानात गेलो. तिला पेस्टल थीम, मिक्स अँड मॅच वगैरे नीट समजावून सांगितलं. हे सगळं लेकीने फोनवर कधीच ठरवलंय म्हणाली. छान, आम्हा बापलेकीचे विचार जुळतात. मग तिने दोन ऑर्किड समोर ठेवून खोटं कुठलं ते विचारलं. चुकलं. दुकानात उजेड अगदीच कमी.

१२ डिसेंबर
माल आला. दोन खोकी, आणि कागदात गुंडाळलेले गुलाब. खोक्यांवर मोठ्या अक्षरांत 'रिअल टच'. म्हणजे ही खरी. पाकळ्या मऊ, किंचित ओलसर. गुलाब मात्र ताठ, थंडगार, वास शून्य. प्लास्टिक, दुसरं काय!
खोकी फ्रिजमध्ये. दूध, भाजी बाहेर. गुलाब बाथरूमवरच्या माळ्यावर, गिझरशेजारी. हिने विचारलं, "अहो, नक्की ना?" मी माळ्याचं दार लावून घेतलं. प्रत्येकाला कुठे समजावत बसायचं?

१३ डिसेंबर
दर दोन तासांनी फ्रिजमधल्या फुलांवर पाणी शिंपडतोय. एकही पाकळी कोमेजलेली नाही. इतकी निगा कोण राखतं हल्ली? दूध नासलं. त्यावरून हिने तोंडसुख घेतलं. घेऊ दे.

१४ डिसेंबर, सकाळी ७
फुलवाली गुच्छ बांधायला घरी आली. मी ऐटीत फ्रिज उघडला. तिने आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, खरी कुठे ठेवलीत? 'रिअल टच' म्हणजे हाताला खऱ्यासारखी लागणारी खोटी फुलं. हे तिला दोनदा सांगावं लागलं. खोक्यावर सरळ 'खोटी' लिहायला काय होतं?
गुलाब खाली काढले. सगळ्यांनी माना टाकलेल्या, कडा तपकिरी. लेक दारात उभी होती. एक गुलाब उचलून बघितला, परत ठेवला आणि तयार व्हायला आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. फुलवाली स्कूटरवरून दुकानात जाऊन आली. गुलाब संपले होते, मिळाली ती पांढरी शेवंती.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
लग्न लागलं. लेकीच्या हातात शेवंतीचा एवढासा गुच्छ. विहीणबाईंना भारी आवडला. कोणी निवडली म्हणाल्या फुलं. 'जरा अभ्यास केला होता,' असं म्हणायला मी पुढे झालोच होतो, तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबांनी. फुलांचं सगळं त्यांनीच बघितलं."
बारा दिवस ह्याच वाक्याची वाट बघत होतो. ऐकलं आणि कुठे बघावं तेच कळेना. फार वाईट वाटलं. विहीणबाईंनी शेवंतीला बोट लावून मलाच विचारलं, ही खरी आहेत की खोटी?
म्हटलं, मला नाही ओळखता येत. लेकीला विचारा.