शून्य कोणी दिलं?

४ जानेवारी

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

या जमान्यात पोस्टाने पत्र आलं म्हणून हसू नकोस. विभागाच्या मेलवर माझा भरवसा नाही, कारण ती यंत्रणा मीच बसवली आहे. फोनवर बोलावं तर भिंतीला कान असतात, आणि माझ्या भिंतीपलीकडे आमचे हंगामी विभागप्रमुख, म्हणजे साहेब, बसतात.

आमच्या संगणकशास्त्र विभागाला नवा प्रमुख शोधायचा आहे. त्यासाठी सहा जणांची समिती नेमली आहे, तीत मी आहे आणि साहेबही आहेत. ते स्वतः उमेदवार नाहीत, हेच मला खुपतंय. ज्या माणसाने हंगामी म्हणून बसताना घरून उशी आणली, तो खुर्ची सुखासुखी सोडतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

अर्ज छाटून तिघे उरले. एक बाई आहेत, बाहेरच्या, हुशार. एक साहेबांचा जुना विद्यार्थी, म्हणजे चेलाच. आणि तिसरा आपला लंबू! आपल्या घरी जेवून आणि तुझी बोलणी खाऊन माझ्याबरोबर शिकलेला. तो माझा मित्र आहे हे मी समितीला पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. या क्षेत्रात सगळेच एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. फक्त निकाल लागेपर्यंत त्याच्याशी एक शब्दही बोलायचा नाही, अशी अट घातली.

मला काळजी एकाच गोष्टीची. दृष्टिहीनांना पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आम्ही जिथे घडवतो, ती माझी प्रयोगशाळा कुलगुरूंच्या डोळ्यात सलते आहे. त्यांना त्या खोलीत सर्व्हर ठेवायचे आहेत. नवा प्रमुख नुसता हो म्हणाला की माझं जन्माचं काम खोक्यात जाईल.

म्हणून गुण देण्याचा प्रोग्रॅम मीच लिहिला आहे. दहापैकी गुण द्यायचे, देणाऱ्याचं नाव गुप्त, आणि एकदा पाठवले की कोणालाच, अगदी मलाही, बदलता येणार नाहीत. प्रत्येकाला एकच शून्य देता येतं, आणि ते एकानेही दिलं तर तो उमेदवार बाद. हा नियम मी भांडून घालून घेतला, नाहीतर साहेबांनी चेल्याला पुढे दामटलाच असता.

तुझ्यावरचा लोभ तेवढा मी संशयातून वगळला आहे. तुझ्याकडूनही तसंच असू दे.
तुझा,
धाकटा

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाकिटाला इतकी चिकटपट्टी लावली होतीस की उघडताना कात्री कमी पडली. लहानपणी तू दूध पिण्याआधी मांजराला चाटवून बघायचास. मांजर गुटगुटीत झालं आणि तू तसाच काडीपैलवान राहिलास. संशयाला औषध नाही, हे मेट्रनच्या नोकरीत मी हजार वेळा पाहिलंय. चांगल्या डॉक्टरच्या हातचं इंजेक्शन नको म्हणणारे रोगी असतात, त्यातला तू.

तुझा शून्याचा नियम मला मुळीच आवडला नाही. चेल्याला पाडायला तू जी काठी आणलीस, ती साहेबांच्याही हातात आहेच की. त्यांनी लंबूलाच शून्य दिलं तर काय करशील? एवढा शिकलास, पण हे तुझ्या डोक्यात कसं आलं नाही?

लंबूबद्दल मला काही विचारू नकोस. विचारलंस तरी मी सांगणार नाही. त्याने काय वाटेल ते करावं आणि तू तुझ्या डोळ्यांनी बघून ठरवावंस.

माझा गुडघा पावलागणिक कुरकुरतो. शेजारीण रोज नवं तेल सांगते आणि मी रोज लावलं म्हणून सांगते. वेळेवर जेवत जा. चार ओळी लिहायला आळस करू नकोस.
तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
सा. न.

मुलाखती संपल्या. बाई उत्तम बोलल्या. चेल्याने साहेबांचीच वाक्यं साहेबांनाच ऐकवली. लंबूचं व्याख्यान मात्र ऐकत राहावं असं झालं. एका अवघड प्रश्नाला त्याने सरळ सांगितलं की हे मला माहीत नाही, आणि सगळी खोली त्याच्या बाजूची झाली. मला अभिमान वाटला, हे कबूल करतो.

पण पुढचं ऐक. दुपारी मी सह्या घ्यायला कुलगुरूंच्या कार्यालयात गेलो. काचेपलीकडे लंबू आणि कुलगुरू चहा पीत बसले होते. टेबलावर आमच्या इमारतीचा नकाशा पसरलेला होता आणि लंबूचं बोट नेमकं माझ्या प्रयोगशाळेवर होतं. कुलगुरू मान डोलवत होते. दोघे हसलेसुद्धा. संध्याकाळी तो जिन्यात समोर आला, तर खाली मान घालून निघून गेला. बोलायचं नाही हे ठरलेलंच होतं, पण बघायलाही मनाई नव्हती.

ताई, केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. खुर्चीची किंमत म्हणून माझी खोली देऊन टाकली त्याने. आणि 'विचारू नकोस' असं तू का लिहिलंस? तुलाही त्याने फितवलं की काय, असं क्षणभर मनात आलं. रागावू नकोस, पण आलं.

काल गुण पाठवले. बाईंना आठ, चेल्याला चार, आणि चेल्यासाठी राखलेलं ते एकच शून्य लंबूला. बटण दाबलं आणि फोन बंद करून ठेवला. निकाल पुढच्या आठवड्यात उघडेल.

चुकलं असेल तर कान धर, पण माया पातळ करू नकोस.
धाकटा

६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

फोन करते आहे, तर तो तू बंद ठेवला आहेस. म्हणून हे कुरियरने पाठवते.

मूर्खा, काय करून बसलास! अर्ज करण्याआधी लंबू माझ्याकडे आला होता. त्याला सध्या आहे तिथे चांगली नोकरी आहे, घर आहे, त्याला तुमच्या खुर्चीची हौस नव्हती. तुझी खोली जाणार हे त्याच्या कानावर आलं होतं. 'मी येईन तर एकाच अटीवर, ती प्रयोगशाळा आहे तिथेच राहील,' असं तो कुलगुरूंना सांगणार होता, आणि नकाशावर बोट ठेवून लेखी मागणार होता. तुला कळू द्यायचं नाही अशी शपथ त्याने मला घातली. तुला कळलं असतं तर मित्राने मत विकत घेतलं असं लोक म्हणाले असते, आणि तुझ्या नावाला बट्टा लागला असता. म्हणून जिन्यात त्याने मान खाली घातली असेल. तुझ्याकडे बघितलं असतं तर त्याला हसू आवरलं नसतं, मी ओळखते त्याला.

शपथ मोडली, त्याचं पाप माझ्या डोक्यावर. तू आधी जा आणि ते शून्य खोडून ये.
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताई,
सा. न.

खोडता येत नाही. मीच तसं लिहिलं आहे.

तुझं पत्र हातात घेऊन कुलसचिवांकडे धावलो. फेरमतदान घ्या म्हणालो. कारण काय, असं त्यांनी शांतपणे विचारलं. कारण सांगायचं तर ते शून्य माझं आहे हे सांगावं लागलं असतं. ताई, मी 'काही नाही, सहज विचारलं' म्हणून परत आलो.

निकाल उघडला. लंबूला पाच जणांनी नऊ आणि दहा दिले होते. म्हणजे साहेबांनीसुद्धा. बाईंनी दुसरीकडचं पद आधीच स्वीकारल्याचं कळवलं, म्हणून चेला प्रमुख झाला. त्याने पहिल्याच दिवशी सर्व्हरना होकार दिला. खोली महिनाअखेर रिकामी करायची आहे.

विभागात सगळ्यांचा संशय साहेबांवर आहे. त्यांच्याशी कोणी धड बोलत नाही. माझ्या मात्र पाठीवरून हात फिरवतात, मित्राचं वाईट झालं म्हणतात. मी 'हो' म्हणतो. सोबत लंबूचं पत्र पाठवतो आहे. मला ते घरात ठेवून घेववत नाही, तू सांभाळ.
धाकटा

(सोबतचं पत्र)

११ फेब्रुवारी

प्रिय मित्रास,
स. न. वि. वि.

आता बोलायला हरकत नाही, म्हणून पहिलं पत्र तुलाच. पडलो! वाईट वाटलं, पण फार नाही. तुझ्या खोलीसाठी कुलगुरूंना जवळजवळ पटवलं होतं, तेवढी हळहळ आहे. ते सगळं ताई सांगेल.

एकाने शून्य दिलं म्हणे. ते कोणी दिलं याचा छडा लावत बसू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. एकेकाच्या तोंडाकडे बघत बसशील, माझ्यापायी भांडशील आणि तुझाच रक्तदाब वाढेल. ज्याने दिलं त्यालाही काही कारण असेल. त्याला माझ्याकडून माफ करून टाक.

परत येताना गाडीत माझ्या मनात एकच गोष्ट येत होती. त्या टेबलाभोवती सहाही अनोळखी असते तर मी बोलूच शकलो नसतो. एक माणूस आपला आहे, या भरवशावर तासभर उभा राहिलो. मला माहीत नाही ते माहीत नाही म्हणालो, ते त्याच जोरावर.

भेटीत उणं-अधिक बोलूच. तोवर आहे तसा राहा.
तुझा,
लंबू