वरचा तुकडा

ट्युनिस,
२४ फेब्रुवारी १९७४

प्रिय सलूहावहिनीस,
दोरसाफचा सलाम वि. वि.

कुसकुसचं पोतं पोचलं. दादाच्या ओळखीच्या ट्रकवाल्याने ते शाळेच्या दारातच टाकलं, शिपायाने माझ्या खोलीवर आणून दिलं. हरीसा चटणीची बरणी फुटली नाही, वरचा तेलाचा थरही चांगला जाड होता. त्याबद्दल आभार. चांगल्याला चांगलं म्हणून झालं, आता दुसरं लिहिते.

मागच्या शुक्रवारी माझ्याबरोबर शिकवणाऱ्या दलेंदाला मी जेवायला बोलावलं होतं. आमच्या घरी वर्षाचा कुसकुस रवा भिजवून हाताने वळतात, हे मी तिला नेहमी अभिमानाने सांगते. वर्गात मुलींनाही हेच उदाहरण देते. उन्हाळ्यात आठवडाभर खपलं की वर्षभर दुकानाची पायरी चढायला नको, पाहुणा आला तरी धांदल नको. दलेंदा नाबुलची, घरोघरी कुसकुस वळणाऱ्या गावची. तिने पोत्यात हात घातला, मूठ उघडून पाहिली आणि हसत सुटली. म्हणाली, तुझ्या वहिनीच्या हातांना यंत्र बसवलंय की काय, दाणे कसे कवायतीला उभे केल्यासारखे आहेत. मग मीही नीट पाहिलं. एक दाणा लहान नाही, एक मोठा नाही, उन्हाचा वास नाही. वहिनी, हा कुसकुस दुकानातला आहे.

आपलं अंगण अपुरं पडतं म्हणून तुम्ही दोन वर्षं बेनी खियारला माहेरी जाऊन बहिणींबरोबर कुसकुस वळता, असं सांगत आलात. म्हणजे तिथे बसून तुम्ही दुकानाची पाकिटं फोडता आणि घरच्या पोत्यात ओतता. टोमॅटोच्या कारखान्यात जायला दादाने तुम्हाला परवानगी दिली ती एका अटीवर. कोठी होती तशी राहील आणि ओम्मीच्या ताटात बाजारचं काही येणार नाही. मी तेव्हा तिथेच होते. तुमच्या बाजूने भांडणारी मीच होते. तुम्ही मान डोलावलीत, आणि माझ्या आईला, ओम्मीला, मोतीबिंदूमुळे धड दिसत नाही याचा फायदा घेतलात.

मी मौलिदच्या सणाला घरी येते आहे. त्याआधी तुम्ही आपणहून दादाला सांगा. नाही तर मी सांगेन.

तुमच्यावर माझा लोभ होता. तो ठेवायचा की नाही हे आता तुमच्या हाती.

दोरसाफ


कोर्बा,
३ मार्च १९७४

चि. दोरसाफ हिस,
अ. आ. (पद्धत आहे म्हणून लिहिले. आज मनात आहे ते आशीर्वादासारखे नाही.)

हो, दुकानातला आहे. दलेंदाबाईंना माझा सलाम सांग, त्यांची नजर चांगली आहे. तुझी मात्र दोन वर्षं कुठे गेली होती? दोन्ही वर्षं तू तोच खाल्लास, आणि मला लिहिलंस की वहिनी, हाताची चव ती हाताचीच. कामावरून पाय ओढत आले की ते वाक्य आठवते. शीण जातो.

आठवडाभर खपलं की वर्षाची निश्चिंती, असं तू मुलींना सांगतेस. कोणी खपायचं तेही सांगतेस का? कुसकुसचा आठवडा आला की तुला परीक्षा असायची. परीक्षा नसेल तेव्हा डोकं दुखायचं. ओम्मी म्हणायच्या, तिला शिकू दे. मीही म्हटलं, शिकू दे. तुझ्या वाटणीची काठवट मी ओढली. घरातली पहिली पदवीधर झालीस तेव्हा गल्लीत शरबत मीच वाटलं. त्या पदवीने तू आता मला छडी दाखवतेस.

टोमॅटो पिकतात त्याच महिन्यात कुसकुस वाळतो. त्या महिन्यात जी बाई घरी बसेल तिचं नाव कारखान्यात पुढच्या हंगामाला पुकारत नाहीत. मग हिवाळ्यातलं संत्र्यांचं कामही गेलं. एकतर कारखान्यातली ही निवडणीची फळी, नाही तर ती काठवट. मी फळी धरली.

घर कसं चालतं तेही ऐक, वर्गात सांगायला होईल. रविवारी सकाळी मी आठवड्याचे हरभरे एकदम उकडून ठेवते. कांदा, टोमॅटो, हरीसा तेलात परतून बरणी भरते, रोज त्यातले दोन डाव काढले की कालवण झालं. पाव एकदाच मळून भट्टीवर पाठवते, शिळा उरला की सूपात जातो. सकाळचे कपडे आदल्या संध्याकाळीच खुंटीवर असतात. या घरात सकाळी आरडाओरडा ऐकू येतो का, शेजारच्या फौझियाला विचार. दुकानातला कुसकुस यातलाच एक. वेळ वाचतो, ओम्मींना गरम जेवण मिळतं, कोणाचं पोट दुखत नाही.

खोटं बोलले ते खोटंच, त्याला मी दुसरं नाव देत नाही. पण खरं बोलून काम टिकलं असतं का, ते तू तुझ्या दादाला ओळखतेस तर तूच सांग. तू तोंड उघडलंस तर माझं काम जाईल. तुझं काहीच जाणार नाही. घरी मी कोणाची सून आहे, कोणाची बायको आहे, तुझी वहिनी आहे. त्या फळीवर मला सलूहा म्हणतात.

लोभ ठेवायचा नसेल तर ठेवू नकोस. तोंड तेवढं मिटून ठेव.

सलूहा


ट्युनिस,
१० मार्च १९७४

प्रिय वहिनीस,
सलाम वि. वि.

तुमच्या पत्रात राग पुष्कळ आहे, उत्तर नाही. मी तुमच्या कामाच्या विरुद्ध नाही. बाईला काम करायचा हक्क हवा असेल तर तिने तो उजळ माथ्याने मागावा, पोत्यात लपवून नव्हे, एवढंच माझं म्हणणं आहे. तुम्ही लपवलंत तर उद्या गल्लीतल्या प्रत्येक सुनेला नवरा म्हणेल, सलूहाकडे पाहा, कामावर जाणाऱ्या बायका अशाच असतात.

आणि माझं डोकं खरंच दुखायचं.

मौलिदला आपण सगळे एकत्र बसू आणि हे मोकळेपणाने बोलू. दादा समजूतदार आहे. माझा माणसांवर विश्वास आहे.

तुम्ही माझ्यावर ठेवावा, ही अपेक्षा.

दोरसाफ


कोर्बा,
९ एप्रिल १९७४

दोरसाफ हिस,

आशीर्वाद या खेपेला लिहीत नाही.

मोकळेपणाने बोलून झालं. मौलिदची गोड असीदा वाट्यांत वाढलेली, वरची बदाम-पिस्त्यांची नक्षीसुद्धा अजून मोडलेली नाही, आणि तू उभी राहून भाषण दिलंस. आधी श्रमाची प्रतिष्ठा, मग बायकांचे हक्क, मग माझं पोतं. तुझ्या समजूतदार दादाने चमचा खाली ठेवला आणि उद्यापासून कारखाना बंद म्हणाला. तू त्याच्या मागे दारापर्यंत धावलीस, दादा, मला असं म्हणायचं नव्हतं, तिला काम करू दे, म्हणून. तोवर तो कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात पोचलाही होता. ओम्मींनी आपली वाटी पुसून खाल्ली आणि माझी पुढे ओढली.

दुसऱ्या सकाळी तू बसमध्ये बसलीस. मी घरी बसले आहे.

आता या घरात सगळं खरं मिळतं. परवा कुसकुसवर मांसाचे तुकडे हाताला लागतील तसे वाढले. ओम्मींच्या बाजूला मानेचा तुकडा आला. पाय शेकायला पाणी मागितलं, तर होतं तेवढं गरम दिलं.

लोभाचं पुढच्या जन्मी पाहू म्हटलं असतं, पण आपल्यात तीही सोय नाही.

सलूहा


कोर्बा,
२० एप्रिल १९७४

बाळ दोरसाफ,
आईचे आशीर्वाद. प्रकृती बरी आहे, डोळे आहेत तसेच.

सांगते मी आहे, लिहिते सलूहा. तिचं तोंड वाकडं झालेलं मला दिसत नाही, पण पेन थांबलं की कळतं.

(सगळं त्यांचंच आहे. माझं एक अक्षर नाही. — सलूहा)

तुम्ही दोघींनी मला आंधळी ठरवलंत. जाळं डोळ्यांत आलंय, बोटांत नाही. दोन वर्षांपूर्वी पहिल्याच शुक्रवारी घास घेतला आणि मला समजलं की हा रवा माणसाच्या हातून गेलेला नाही. बोलणार होते. तेवढ्यात सगळ्यांच्या थाळ्यातला वरचा तुकडा, खांद्याचा, मऊ शिजलेला, माझ्या बाजूला सरकला. लग्न होऊन ही घरात आली तेव्हापासून तो तुकडा तुझ्या दादाकडे, तैय्यबकडे जायचा. संध्याकाळी न मागता मिठाचं कढत पाणी आलं पायांना. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तसंच. मी म्हटलं, हिच्या मनाला काहीतरी टोचतंय. टोचू दे. माझे पाय बरे राहतायत.

(पेन थांबलं असं त्या म्हणतात. थांबलं होतं. — सलूहा)

दोन वर्षं मी राणीसारखी जेवले. मग तू आलीस आणि सणाच्या दिवशी सगळं ओकलीस. आता मला मान मिळते आणि पाणी कोमट. तुझ्या खरेपणाचं मी काय करू गं, चावू? माझ्यासाठी भांडलीस म्हणतेस. मला विचारलं होतंस?

तैय्यबलाही बोलावलं. म्हटलं, कोठी कोणाची? म्हणाला, तुझी. मग अट कोणी घातली? म्हणाला, तुझ्यासाठीच ना. म्हटलं, मी मागितली होती? मान खाजवत बसला. पण अडून राहिला, शब्द तो शब्द, कोठीत हाताचा कुसकुस हवा. म्हटलं, बरं बाबा. पण हात सलूहाचेच हवेत असं कुठे ठरलं होतं? या घराला एक लेकही आहे. तिला उन्हाळाभर सुटी असते आणि हाताच्या चवीवर ती वर्गात बोलते.

तेव्हा जुलैत तू येणार. सलूहा उद्यापासून कामावर जाते. डोकं दुखलं तर मी कांदा बांधीन.

आईला लोभ ठेव म्हणून कोणी लिहीत नाही. चाळण्या इथे आहेत, त्या आणू नकोस. हात आण.

तुझी ओम्मी


ट्युनिस,
२८ एप्रिल १९७४

प्रिय ओम्मीस,
दोरसाफचा सलाम वि. वि.

मी येईन, आणि आनंदाने येईन. ही शिक्षा आहे असं वहिनींनी समजू नये. हे पत्र त्याच तुला वाचून दाखवतील, म्हणून त्यांच्यासाठीही लिहिते. ज्या कामाबद्दल मी बोलते ते करायला मी घाबरत नाही. उलट वेळ कुठे वाया जातो याचा मी नीट विचार केला आहे. बायका मूठ-मूठ रवा भिजवत बसतात, गप्पा मारतात, त्यामुळे आठवडा जातो. पद्धतशीर केलं तर दोन दिवसांत होईल. वहिनींनी दोन वर्षं जे टाळलं ते मी करून दाखवेन.

पायांना पाणी कढत मिळतं आहे का ते कळव.

तुझ्या आशीर्वादाची आणि वहिनींच्या रागाची सवय असलेली,
दोरसाफ


कोर्बा,
८ सप्टेंबर १९७४

चि. दोरसाफ हिस,
अ. आ. (या खेपेला लिहिते. पुढे वाच म्हणजे कळेल.)

तुझ्या मागोमाग हे पोतं त्याच ट्रकवाल्याबरोबर पाठवत आहे. यातला दाणा न् दाणा हाताचा आहे. दलेंदाबाईंना जरूर दाखव, कवायतीचा संशय येणार नाही.

तू सगळा रवा एकदम भिजवलास तेव्हा मी कामावर निघाले होते. दारातून पाहिलं आणि काही बोलले नाही. हे मी मुद्दाम केलं, आणि पुन्हा करेन. संध्याकाळी आले तेव्हा काठवटीत ऑलिव्हएवढे गोळे होते, फौझिया पोट धरून हसत होती, आणि ओम्मी तुला सांगत होत्या की रव्याला पाणी घाबरत घाबरत दाखवायचं असतं. गच्चीवर चादरींवर पसरलास आणि उलटवायचं सोडून पुस्तक वाचत बसलीस, म्हणून खालचा थर आंबला. दोन दिवसांचे बारा झाले. शेवटी शेवटी तू मूठ-मूठ भिजवायला लागलीस आणि गप्पाही मारायला लागलीस, तेव्हाचा एक रांजणभर बरा आहे. तळहाताचे फोड बसले असतील. जिन्यात बसून रडत होतीस ते मी पाहिलं नाही, असं धरून चाल.

परवा शुक्रवारी तुझा कुसकुस शिजवला. रमजानच्या आधी सगळे एकत्र बसलो होतो. तुझ्या दादाने पहिला मोठा घास घेतला, दाताखाली गोळा आला, थांबला. दुसरा घेतला. मग हळूच म्हणाला, ते दुकानातलं तसं काही वाईट नव्हतं. ओम्मी म्हणाल्या, शब्द तो शब्द, चाव. त्याने चावला. सगळा थाळा संपेपर्यंत चावत होता. जेवण झाल्यावर त्याने स्वतः सांगितलं की यापुढे अट नाही, दुकानातलाच आणत जा, पण मला आधी सांगून. मी सांगून आणला. पाकीट त्याच्या पुढ्यातच फोडलं. तुझं उरलेलं सगळं तुझ्याकडे येत आहे. ओम्मींचा निरोप आहे की वर्षभर पुरव.

मी तुला माफ केलं असं समजू नकोस. एप्रिलमधले ते पंधरा दिवस मी विसरलेले नाही. पण उजळ माथ्याने मागावं, असं तू लिहिलं होतंस. आता मी उजळ माथ्याने पाकीट आणते, हे तुला कळवणं भाग आहे.

आणखी एक. परवा थाळा मधे ठेवला तेव्हा वरचा तुकडा मी सवयीने ओम्मींच्या बाजूला केला होता. आता टोचणीबिचणी काही नाही, नुसती सवय. त्यांनी बोटांनी चाचपला, ओळखला, आणि माझ्या बाजूला सरकवून दिला. म्हणाल्या, तू दिवसभर उभी असतेस. मग लगेच म्हणाल्या, पाणी मात्र कढत हवं.

कारखान्यात मिरचीचा हंगाम चालू आहे, हात भगभगतात, म्हणून थांबते. आपल्यातला लोभ तुझ्या कुसकुससारखाच आहे, त्यात गोळे फार. तरी टाकून देऊ नये.

सलूहा