लेखक वारल्याची बातमी

औंढा, १२ नोव्हेंबर १९३६

आज दुपारी मुक्कामी पोचलो. हिंगोली स्टेशनावर माझ्या पुस्तकाच्या छापील, अजून न शिवलेल्या फर्म्यांचे गठ्ठे उतरवून घेतले आणि शंकरसिंग नावाच्या गाडीवानाची बैलगाडी ठरवली. तांड्यावरचा माणूस, मिशा भारदस्त, बोलणे त्याहून. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख फिरत, असे त्याने वाटेतच सांगून टाकले. गठ्ठ्यांत काय आहे विचारले. पुस्तके म्हटल्यावर म्हणाला, "कापसाहून जड, अन्‌ भाव न्हाई. बैलाला तकलीफ, मालकालाबी तकलीफ."

देवळाच्या रस्त्यावर गोजरबाईंच्या घरात खोली मिळाली. बाई विधवा, हसऱ्या, शेत निम्म्या वाट्यावर, बटईने दिलेले. त्यांनी एवढेच बजावले की पावसाळ्यात सरपण ओले झाले आणि माझ्या कागदाला हात लागला तर रागवायचे नाही.

अकोल्याच्या साप्ताहिकात वीस वर्षे लिहिले. बुधवारी दुपारी मजकूर हातावेगळा करायचा, मग पोटात दुखो की घरात पाहुणे असोत. गोष्टी, अग्रलेख, बाजारभाव, सगळे लिहिले, पण खाली माझे नाव कधी आले नाही. ते संपादकांच्या धोरणात बसत नव्हते. 'सातवी बारव' ही माझी पहिली कादंबरी. तिच्यावर नरहर सोनपेठकर असे ठळक छापले आहे. दुसरे काही मिळाले नाही तरी चालेल. ते नाव चार गावांत वाचले जावे, एवढ्यासाठी नोकरी सोडून आलो आहे.

१८ नोव्हेंबर

काम भरपूर आहे आणि मजेचे आहे. सकाळी फर्म्यांच्या घड्या घालतो. जेवणानंतर दाभणाने भोके पाडून शिवण. खळ गोजरबाईंच्या चुलीवर शिजते. संध्याकाळी पुढच्या कादंबरीची दोन पाने.

कामांची गल्लत होऊ नये म्हणून एक युक्ती केली आहे. लिहिताना बोडक्याने बसतो. विक्रीला निघालो की लाल रुमाल बांधतो. प्रकाशक म्हणून बोलायचे असले की काळी टोपी. पुस्तकावर प्रकाशक म्हणून बळवंतराव कडोळकर हे नाव घातले आहे. असा कोणी मनुष्य नाही. पण स्वतःचे पुस्तक स्वतःच विकणाऱ्याकडे दुकानदार भिक्षेकऱ्याकडे बघावे तसे बघतात, हे मला ठाऊक होते. शिवाय कोणी फुकट प्रत मागितली की 'शेठना विचारावे लागेल' म्हणता येते. बळवंतराव फार कडक आहेत. ते कोणालाही फुकट देत नाहीत.

गोजरबाईंनी विचारले, "काहून हो मास्तर, एका डोक्याला इतक्या टोप्या? डोकं दुखत न्हाई का?"

मी म्हटले, दुखले तर प्रकाशकाचे दुखेल.

२६ नोव्हेंबर

जवळा बाजारचा आठवडी बाजार. कापसाच्या गाड्यांची रीघ होती. चटईवर पुस्तके मांडून, मीच लेखक म्हणून पहिले प्रकरण वाचले. लोक थांबले, ऐकले, आणि मिरच्या घ्यायला गेले.

परतताना शंकरसिंगने कारण सांगितले. जित्या माणसाची गोष्ट कोण इकत घेईल? तो पुढच्या बाजारी पुन्हा येणार, पुन्हा फुकट सांगणार. त्यांच्या तांड्यावर एक गाणारा म्हातारा होता. जिता होता तोवर लोक त्याला 'गप बस' म्हणत. मेला, आणि त्याचे एकेक गाणे पोरीबाळी एकमेकींकडून मागून घेऊ लागल्या.

गाडीवानाला धंदा कळतो.

३ डिसेंबर

सगळ्या प्रती संपल्या!

लाल रुमाल बांधून, गेल्या वेळच्यापेक्षा दूर, लिंबाखाली बसलो. सांगितले की सोनपेठकर नावाचा लेखक पावसाळ्यात तापाने गेला, मागे कोणी नाही, ही एवढी एकच गोष्ट ठेवून गेला. शंकरसिंग गर्दीत उभा राहून मोठ्याने चुकचुकला. मग वाचले. तेच प्रकरण, तोच आवाज. एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनीही घेतली, घरात कोणी तरी वाचून दाखवील म्हणून.

उकंडराव नावाचे एक वजनदार कास्तकार आहेत. बाजारात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी पुस्तकावरचे माझे नाव बोट फिरवून दोनदा वाचले.  मेल्याशिवाय हे दिसले नसते.

९ डिसेंबर

गंमत झाली आहे. शंकरसिंग निरोप घेऊन आला. सोनपेठकराला पोर ना बाळ, त्याचे दिवस कोणी केले नसतील, तर ते बाजाराने करायचे, असे उकंडरावांनी ठरवले आहे. लेकराबाळांत त्याची गोष्ट वाचली जातेय, माणूस अधांतरी ठेवणे बरे नाही. मरणाची तिथी माहीत नसली की बातमी कानी पडली तो दिवस धरतात. तीन तारखेला बातमी कळली, तेव्हा बारा तारखेला दहावा.

आता खरे सांगावे तर पैसे परत मागतील आणि नाव कायमचे खोटारड्याचे होईल. गप्प बसणे शहाणपणाचे. गोजरबाई हसून हसून दमल्या. त्यांचे माहेर जवळ्याचेच. म्हणाल्या, "आपल्याच भाडेकऱ्याच्या दहाव्याला जाऊन येते की! असा योग पुन्हा कुठं यावा?"

१२ डिसेंबर

शांतपणे लिहितो.

सकाळी ओढ्याकाठी पन्नासेक माणसे जमली. मी लाल रुमाल बांधून मागे उभा होतो. उकंडरावांनी पिंड ठेवला, हात जोडले. कावळे समोरच्या बाभळीवर भरपूर होते, पण एकही खाली येईना. उन्हे वर आली. लोक विनवू लागले. तुमचं पुस्तक आम्ही जपू. घरोघर वाचू. कावळे जागचे हलले नाहीत. गोजरबाईंनी माझ्याकडे बघून तोंडावर पदर धरला. हसू लपवीत होत्या. कावळ्यांना खरे कळते, असा विचार माझ्याही मनात आला आणि मला बरे वाटले.

तेवढ्यात गर्दीच्या पलीकडून कोणी तरी स्वच्छ आवाजात म्हणाले, "नरहरराव, तुम्ही निवांत जा. तुमचं नाव मी सांभाळतो."

कावळा लगेच उतरला आणि घास घेऊन गेला.

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. मी टाचा उंचावून बघितले. मला माणूस दिसला नाही, फक्त काळी टोपी गर्दीतून लांब जाताना दिसली. उकंडराव म्हणाले की ते प्रकाशक, कडोळकर शेठ. मुद्दाम आले, भला माणूस.

मग पंगत बसली. मला आग्रहाने बसवले. पुरण चांगले होते. मी जेवलो.

येताना गाडीत गोजरबाई माझ्यापासून उठून पुढे गाडीवानाजवळ जाऊन बसल्या.

१५ डिसेंबर

माझी काळी टोपी खुंटीवर नाही. सगळी खोली पालथी घातली.

हा शंकरसिंगचाच चावटपणा असणार. कोणा तरी सोयऱ्याला टोपी घालून उभे केले असेल. विचारले तर त्याने आईची शपथ घेतली. मग मी त्याला शेठ कसे दिसत होते विचारले. म्हणाला, उंच, गोरे. उकंडरावांचा गडी आज देवळाला आला होता, त्याच्या मते ठेंगणे आणि सावळे. दोघेही अगदी खात्रीने सांगतात.

मी बळवंतरावांना नाव दिले होते, स्वभाव दिला होता. चेहरा द्यायची गरज पडली नव्हती. तो बाजाराने दिला आहे.

१७ डिसेंबर

आज बाजाराला गेलो नाही. शिवलेल्या प्रती नव्हत्या.

गोजरबाई आता मला घरात वाढत नाहीत. ओट्यावर पत्रावळ ठेवतात आणि आत जातात. माझ्याआधी कावळे येतात. काय चुकले म्हणून विचारले. त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "कावळा शिवला, मास्तर. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. आता तुमी असं येऊन राहू नका."

मी म्हटले, बाई, मी तुमच्यासमोर उभा आहे. माझ्या हाताला हात लावून बघा.

त्यांनी हात पदरात घेतला. रडत होत्या.

२२ डिसेंबर

शंकरसिंगची गाडी दारावरून गेली. तिच्यात नवे गठ्ठे होते. मी एकही फर्मा मागवलेला नाही. धावत जाऊन एकाचे वेष्टण फाडले. दुसरी आवृत्ती. मुखपृष्ठावर कै. नरहर सोनपेठकर. खाली, मोठ्या टायपात, बळवंतराव कडोळकर. माझ्या नावापेक्षा मोठ्या टायपात.

शंकरसिंग मान खाली घालून म्हणाला, शेठ स्वतः स्टेशनावर होते. भाडे आगाऊ दिले. माल जवळ्याला पोचवायचा आहे.

मी म्हटले, शंकर, तू तरी सांग. तुला मी दिसतो ना?

 बैलांच्या शेपट्यांकडे बघत तो म्हणाला, "दिसता, मास्तर. बराबर दिसता. पण बाजार तुमच्या मरणावर चालून राहिला. माझे नवे बैल बी त्याच्यातच आले. आता जिते होऊ नका."

त्याने कासरा ओढला.

२४ डिसेंबर

जवळ्याला पायी गेलो. बोडक्याने. लेखक म्हणून.

लिंबाखाली माझ्या चटईवर तो बसला होता. पाठ माझ्याकडे. माझी काळी टोपी. माझे पहिले प्रकरण वाचत होता, माझ्यापेक्षा चांगले वाचत होता. जिथे मी नेहमी घाई करतो तिथे तो थांबत होता. लोक गुंगून ऐकत होते.

मी ओरडलो, मी सोनपेठकर, हे माझे आहे, हा माणूस खोटा आहे.

बायांनी लेकरांना जवळ ओढले. कोणी म्हणाले, वावटळ उठली. उकंडरावांनी माझ्या दिशेने हात जोडले आणि प्रेमाने, खरोखर प्रेमाने म्हणाले, "सगळं पार पाडलं ना आमी? मग जीव काहून अडकला तुमचा?"

शंकरसिंग तिथेच होता. त्याने सरळ माझ्याकडे बघितले. उकंडरावांनी त्याला विचारले, तुला काही दिसते का रे? त्याची पुस्तके तूच गाडीतून आणली होतीस.

तो म्हणाला, न्हाई.

तो वाचणारा मात्र थांबला नाही. मान वळवली नाही. फक्त पान उलटले.

२८ डिसेंबर

गोजरबाईंनी खोली झाडून घेतली. मी आत असताना. शेजारणीला सांगत होत्या की खोली रिकामी आहे, पण शेठ बघायला येणार आहेत, त्यांनाच द्यावी म्हणते.

अकोल्याला जावे. संपादक ओळखतील. वीस वर्षे—

पण तिथे माझे नाव कुठे आहे? एका अंकातही नाही.

३० डिसेंबर

भूक लागत नाही. ओट्यावरची पत्रावळही बंद झाली. अंगणात पीठ सांडले होते, त्यावरून गेलो. मागे वळून बघितले. चिमण्यांच्या पायांचे ठसे होते, माझ्या—

लिहायचे नाही ते.

२ जानेवारी १९३७

तो राहायला आला. गोजरबाईंनी ओवाळले.

भर दुपारी समोर बसून घड्या घालतो आहे. बोटांना खळ, नखे माझ्यासारखी तुटलेली. वाईट बोलत नाही. म्हणतो, सगळे तुम्हीच सोपवले होते, कडक राहा म्हणाला होतात, कडक राहिलो. म्हणतो, जिवंतपणी तुमचे नाव कोणी वाचले?

मी म्हटले, तुला मी निर्माण केले. तो म्हणाला, हो, आणि मला नाव देताना स्वतःच्या नावावर तुमचा भरवसा नव्हता.



४ जानेवारी

त्याने पुढची कादंबरी नेली. दोन-दोन पाने केलेली. अपुरी आहे म्हटले. अपुरीच बरी, म्हणाला. मृत लेखकाचे अप्रकाशित लेखन.

आता ही रोजनिशी मागतो आहे.

देणार नाही. ह्यात मी जिवंत आहे, तारीखवार, हे एवढेच—

५ जानेवारी

तो शेजारी बसून वाचतो आहे. मी लिहितो तसतसे. पेन्सिलीने दुरुस्त्या करतो. वर नाव लिहिले आहे, बळवंतराव कडोळकर, संपादक व—

लेखकाचे कुठे, विचारले.

म्हणाला, भुताच्या गोष्टीला लेखक नसावा. लोकांना खरी वाटते. सापडली म्हणून छापू.

मी म्हटले, एकदाच. एका ओळीत. बारीक टायपात चालेल. तो हसला, पेन्सिल खाली ठेवली, आणि माझ्या हातातला टाक हळूच धरला. म्हणाला, शेवट अर्धवट सोडायचा, मास्तर, वाक्याच्या मध्येच, म्हणजे—

नाही. मी लिहिणार. हे सगळे लिहिणाऱ्याचे नाव नर