गुंडोपंतांचा श्रावण

।। श्री ।।
मुलुंड (पूर्व), २८ जुलै १९८५

चि. मार्तंड यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मे महिन्यात तू तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणून आमच्या क्षमाच्या ओंजळीत ठेवलेला गिनीपिग खुशाल आहे, हे आधी सांगते. कारण तुला सख्ख्या बहिणीपेक्षा त्याचीच काळजी. नाव गुंडोपंत. वजन वाढलंय, रुबाब त्याहून जास्त. क्षमा शाळेतून आली की दप्तर फेकते आणि आधी त्यांची चौकशी करते. पोरगी नऊ वर्षांची झाली, पण आईची एवढी काळजी तिने कधी केली नाही.

मधे पंतांना शिंका लागल्या होत्या. यंदा अधिक श्रावण, म्हणजे श्रावण दोन. सासूबाई श्रावणात पालेभाजी खात नाहीत आणि घरात येऊही देत नाहीत, त्यामुळे दोन महिने मेथी-पालकाचं तोंड बघायला नको. क्षमाने आजीला विचारलं, की आजारी माणसाच्या वतीने दुसऱ्याला व्रत धरता येतं का. आजी म्हणाल्या, श्रद्धा असेल तर सगळं येतं. झालं! क्षमाने पंतांच्या वतीने संकल्प सोडला आणि आता गुंडोपंतांनी दोन्ही श्रावण धरलेत. कोथिंबिरीच्या काड्या बंद, अंगणातलं गवतही बंद, कारण पाला तो पाला. भिजवलेले हरभरे, पोळी आणि काकडीच्या चकत्या. आणि गंमत बघ, आठव्या दिवशी शिंका थांबल्या. क्षमाचा भाव आता असा वाढलाय की विचारू नकोस. सगळ्या बिल्डिंगमध्ये सांगत फिरते.

आणि हो, अधिक महिन्याचं वाण म्हणून मेहुण्याला अनारसे पाठवायचे असतात, हे रत्नागिरीत कुणी सांगत नाही का? हे रोज पोस्टमनकडे बघतात.

मायेत कसर नाही, अनारशांत आहे.
तुझी ताई

*

रत्नागिरी, ६ ऑगस्ट १९८५

ती. ताईस मार्तंडचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. प्राणिशास्त्राचे आम्ही पाच जण हसून हसून बेजार. प्राण्यांवर प्रयोग करण्यात आमची हयात गेली, पण प्राण्याला व्रत करायला लावणारी आमची क्षमाच पहिली. गुंडोपंतांचा फोटो काढून पाठव, विभागात लावू. खाली लिहू, ह.भ.प.

शिंका थांबल्या हे उत्तम. काही दुखलं-खुपलं तर मला विचार, परक्या डॉक्टरांच्या नादी लागू नकोस. शेवटी भाऊ प्राणिशास्त्र शिकवतो त्याचा काही उपयोग नको का?

अनारसे जमले नाहीत. पीठ बिघडलं. विद्याधर भाऊजींना सांग, दिवाळीला व्याजासकट.

तुझ्या रागाला घाबरून असणारा,
मार्तंड

*

मुलुंड (पूर्व), २४ ऑगस्ट १९८५

चि. मार्तंड यास आशीर्वाद.

खुशाली विचारू नकोस. इथे डोक्याला ताप झालाय.

गुंडोपंत चार-पाच दिवस चालत नाही. मागचे पाय ओढतो. उचलायला गेलं की असा ओरडतो की काळजात चर्र होतं. हरभरा तोंडात घेतो आणि टाकतो. काल हिरडीतून रक्त दिसलं. तुला मी बारा तारखेला कार्ड टाकलं होतं की तो मलूल दिसतो. त्याचं उत्तर कुठे आहे? मला विचार, मला विचार म्हणून छाती काढून सांगायचं आणि विचारलं की गप्प!

आमच्या खालच्या डॉक्टरांनी हातच लावला नाही. म्हणाले, उंदरावर औषध चालवून मला माझी पदवी घालवायची नाही. स्टेशनजवळ कुत्र्यांचे डॉक्टर बसतात. त्यांनी आधी हा ससा आहे का विचारलं, मग लाल टॉनिक दिलं. ते पाजताना त्याचे हाल आणि आमचे त्याहून हाल. शेवटी ह्यांच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने आरे कॉलनीकडच्या म्हशींच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन बस बदलून, भर पावसात, टोपलीवर प्लॅस्टिक धरून. कंडक्टर टोपलीत कोंबडी आहे म्हणून हटून बसला. क्षमाने झाकण उघडून दाखवलं तेव्हा कुठे पुढे सरकला. डॉक्टर भले माणूस. त्यांनी पंतांना तळहातावर घेतलं, बराच वेळ बघितलं आणि सरळ सांगितलं, की तीस वर्षं म्हशी बघतोय, हे जनावर मला कळत नाही, उगाच सुई टोचणार नाही. ज्यांच्याकडून आणलं त्यांना विचारा. ते ऐकून मी तिथेच तुझ्या नावाने बोटं मोडली.

क्षमाने व्रत आणखी कडक केलंय. आता पंतांना काकडीसुद्धा नाही, कारण तिची साल हिरवी. मी ओरडले तर म्हणते, शिंका व्रतानेच थांबल्या होत्या. आणि मीच तेव्हा कौतुक केलं होतं. सासूबाई माळ ओढत बसतात आणि हे पेपरात डोकं घालतात. सगळ्यांनी हात टेकलेत आणि मुलगी माझ्या तोंडाकडे बघते.

एका ओळीचं का होईना, उत्तर लिही. बाकी लोभ-बिभ नंतर बघू.
ताई

*

तार. रत्नागिरी, २९ ऑगस्ट १९८५

पंतांना ताबडतोब हिरवा पाला आणि लिंबूरस द्या. व्रत थांबवा. पत्र मागोमाग. मार्तंड.

*

रत्नागिरी, २९ ऑगस्ट १९८५

ती. ताईस सा. न.

तार मिळाली असेल. तुझं बारा तारखेचं कार्ड मला पोचलंच नाही, आणि चोवीस तारखेचं आज दुपारी हातात पडलं. पण ती सबब मी देणार नाही.

पत्र घेऊन मी प्रयोगशाळेत गेलो. आमचा धोंडू शिपाई पिंजरे धूत होता. गेली सोळा वर्षं या प्राण्यांचं खाणंपिणं तोच बघतो. त्याला पाय ओढण्याचं सांगितलं तर मान वर न करता त्याने विचारलं, की हिरवा घास घालता ना. मी म्हटलं, श्रावण म्हणून बंद केलाय. त्याने हातातला कुंचा खाली ठेवला. म्हणाला, सर, हरभरा एक दिवस नसला तरी चालेल, पण पाला चुकला तर हे जनावर जगत नाही. मागे एका सुट्टीत बदली माणसाने पाला घातला नाही, तेव्हा असेच पाय ओढत सहा गेले.

ताई, हे मला ठाऊक होतं. माणूस, माकड आणि गिनीपिग यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं, हे मी दर वर्षी वर्गात सांगतो. माझ्याच वहीत आहे. आणि तू पहिल्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतंस की पाला बंद केलाय. ते मी मोठ्याने वाचलं आणि हसलो. आम्ही पाचही जण हसलो.

कोथिंबीर, कोबी, मिळेल ते दे. लिंबू पाण्यात पिळून थेंबथेंब पाज. अजून वेळ गेली नसावी.

तुझा,
मार्तंड

*

मुलुंड (पूर्व), ४ सप्टेंबर १९८५

ती. मार्तंडमामास क्षमाचा शि. सा. न.

मामा, गुंडोपंत रविवारी सकाळी गेला. बाबांनी त्याला मागच्या पेरूच्या झाडाखाली पुरलं.

त्याचं व्रत पूर्ण व्हायला फक्त पंधरा दिवस राहिले होते. पण शुक्रवारी तुझी तार आली आणि आईने व्रत मोडलं. मी पिंजऱ्याला धरून बसले होते. आईने माझे हात सोडवले आणि त्याच्या तोंडात कोथिंबीर कोंबली. त्याला चावता पण येत नव्हती. लिंबू पण पाजलं, ते झोंबलं म्हणून तो ओरडला. मी आईला सांगितलं होतं की देवबाप्पा रागावेल. दोन दिवसांनी तो गेलाच.

मी आईशी बोलत नाही. त्याच दिवशी आईला विचारलं होतं, तर ती भांडी घासायला उठून गेली. तू कॉलेजात शिकवतोस म्हणून तुला विचारते. व्रत मोडलं म्हणूनच ना तो गेला? मला खरं काय ते लिही.

त्याला लहानपणी खाऊ घालणाऱ्या धोंडूकाकांबद्दल तू मे महिन्यात सांगितलं होतंस ना, त्यांना सांग की तो शेवटपर्यंत चावला नाही कोणाला.

तुझी लाडकी भाची,
क्षमा

*

मुलुंड (पूर्व), ५ सप्टेंबर १९८५

चि. मार्तंड यास अनेक आशीर्वाद.

क्षमाने तिचं पत्र पोस्टात टाकायला आजीकडे दिलं होतं. त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. माझं त्याच पाकिटात घालते आहे, म्हणजे दोन्ही एकदमच वाचशील.

तुझं पत्र मंगळवारी आलं. वरातीमागून घोडं. मी ते गॅसपाशी उभं राहून वाचलं आणि तिथेच जाळलं. तुझा राग येऊन येऊन संपला. मग कुत्र्यांच्या डॉक्टरांचा, पोस्टाचा, ह्यांच्या पेपराचासुद्धा आला. शेवटी माझाच. शिंका थांबल्यावर बिल्डिंगभर ती गंमत मीही सांगितली होती.

सासूबाईंना मी बोलणार होते, अगदी तोंडावर. पण खरं सांगायचं तर, शुक्रवारी तार वाचल्यावर त्याच छत्री घेऊन खाली गेल्या आणि कोथिंबिरीची जुडी पदराखाली घेऊन आल्या. चाळीस वर्षांत त्यांच्या श्रावणात घरात आलेला तो पहिला पाला. तुझ्या पत्रातलं मी त्यांना सांगितलं. मग म्हणाल्या, की जुडी मी आणली, तेव्हा व्रत मी मोडलं असं पोरीला सांग, म्हातारीवरचा राग फार दिवस टिकत नाही. मी नको म्हटलं. सध्या घरात ती एका आजीशीच बोलते, आजीच्याच हातून जेवते. तेवढं तरी राहू दे.

काल शकु शेजारीण आली होती. क्षमा तिला जिन्यात सांगत होती, की माझ्या आईने व्रत मोडलं म्हणून आमचा गुंडोपंत गेला. मी दाराआड उभी होते. तोंडाशी आलं होतं सगळं, बाहेर जाऊन सांगावं असं वाटलं. पण काय सांगणार? की बाई गं, ज्याच्यासाठी तू गवताची काडी तोडू दिली नाहीस, तो त्या काडीवाचून गेला? नऊ वर्षांच्या पोरीने ते कुठे ठेवायचं? माझ्यावर रागावणं तिला झेपतं. मलाही झेपतं.

उद्या ती मोठी होईल. तुझ्यासारखं प्राणिशास्त्र घेतलं तर कुठल्यातरी वहीत तिला ते पान सापडेलच. तेव्हा काय वाटायचं ते वाटेल. तोवर मला मेलीला वाईट आई राहू दे.

तिने तुला खरं लिहायला सांगितलंय. तुझा तिच्यावर लोभ असेल, तर लिही, की हो, व्रत मोडलं म्हणूनच.

ताई